जुन्या ४०७ ला घरच्या घरी थंड हवेचा पाईप: कुणी केलंय का?

कृष्णाकाठ

रामराम मंडळी. आमच्याकडे जुनी टाटा ४०७ आहे. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नसलेली, २९५६ सीसीचं चार सिलिंडर इंजिन, मायको कंपनीचा डिझेल पंप. गूळ, भाजी, कधी सिमेंट, असं कराड-चिपळूण चालू असतं. उतरताना काही त्रास नाही. पण चिपळूणहून भरून परत येताना कुंभार्ली घाटात गाडी दुसऱ्या गिअरला नुसता काळा धूर ओकते, पिकअप म्हणून नाही. मागच्या गाडीवाल्यांच्या शिव्या वेगळ्या.

गाडी सेकंडहँड घेतलेली. आधीच्या मालकानं कंपनीचा एअर फिल्टरचा डबा कधीच काढून टाकलाय आणि त्या जागी बोनेटखाली एक उघडा शंकूसारखा फिल्टर बसवलाय, पोरं मोटारसायकलला लावतात तसला लाल. तो आहे नेमका सायलेन्सरच्या पाईपापासून वीतभर वर. घाट चढून कोयनानगरला चहाला थांबलो की त्या फिल्टरच्या लोखंडी पट्टीला हात लावता येत नाही. म्हणजे इंजिन भट्टीतली हवा ओढतंय, हे मला अडाण्यालाही कळतं.

अमेरिकेतले लोक जुन्या पिकअपला घरीच थंड हवेचा पाईप करतात असे व्हिडिओ पाहिले. माझा विचार असा: ७५ मिमीचा पीव्हीसी पाईप घ्यायचा, समोरच्या जाळीमागं तोंड काढायचं आणि हाच फिल्टर त्याच्या टोकाला अडकवायचा. खरंच फरक पडतो का? पीव्हीसी चालेल का? आणि पासिंगला कुणी अडवणार तर नाही ना?

नटबोल्ट

बिनधास्त करा दादा. मी माझ्या बोलेरोला उघडा फिल्टर लावला, गाडी एकदम मोकळी झाली. आवाजच बदलतो. स्टॉकच्या म्हणजे कंपनीच्या डब्यात इंजिनचा श्वास कोंडतो.

उद्यमनगरी

नटबोल्टराव, आवाज बदलतो हे शंभर टक्के खरं. बाकीचं नंतर बोलू.

कृष्णाकाठ, पाईपाला हात घालायच्या आधी एक काम करा. काळ्या धुराचा अर्थ एवढाच, की सिलिंडरमध्ये जेवढं डिझेल पडतंय तेवढं जाळायला हवा पुरत नाही. आता एकतर हवा कमी येत असेल, नाहीतर डिझेल जास्त किंवा वाईट पडत असेल. नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तोंडं, शेवटचे कधी तपासले? नोझल फवारा मारायच्या ऐवजी धार मारत असेल तर कश्मीरची हवा आणून दिली तरी धूर जाणार नाही. व्हॉल्व उघडणाऱ्या टॅपेटचा गॅप, पंपाचा टायमिंग (डिझेल सोडायची वेळ), सायलेन्सर आतून चोंदलाय का, हे सगळं आधी बघा. पंपाच्या सेटिंगला मारलेलं सील तुटलेलं असेल तर बहुतेक कुणीतरी पिकअपसाठी डिझेल वाढवून ठेवलंय. कोल्हापूरला आमच्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या जुन्या गाडीचं हेच रडगाणं असतं.

हे सगळं ठीक निघालं तर मग पाईपाचं बोलू. पाईप करायला माझी ना नाही, उलट तुमच्या केसमध्ये करायलाच पाहिजे. पण तुम्ही ठरवलाय तसा नको.

स्वल्पविराम

मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही, पण धागा आवडला. एक बाळबोध प्रश्न: थंड हवा नि गरम हवा, शेवटी हवाच ना? इंजिनात जाऊन ती पेटणारच आहे. आधी गार असून काय उपयोग?

उद्यमनगरी

बाळबोध नाही, मुद्द्याचा प्रश्न आहे ताई.

इंजिन हवा मापानं घेतं, वजनानं नाही. या गाडीचा प्रत्येक सिलिंडर एका वेळेला साधारण पाऊण लिटर हवा ओढतो, मग ती गार असो की गरम. पण डिझेल जाळायला लागतो ऑक्सिजन, आणि तो वजनावर ठरतो. गरम हवा पसरलेली असते, तेवढ्याच जागेत तिचं वजन कमी भरतं. हिशोब करताना तापमानात २७३ मिळवायचे आणि भागायचं. बाहेर ३० डिग्री आणि बोनेटखाली ६५ डिग्री धरा. ३३८ भागिले ३०३, म्हणजे १.११. बाहेरची हवा तेवढ्याच जागेत ११ टक्के जास्त मावते.

आता यातले सगळे ११ टक्के सिलिंडरपर्यंत पोचत नाहीत. मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणारा पाईप, गरम असतो, व्हॉल्व गरम असतो, जाताजाता हवा तापतेच. पण निम्मं जरी पदरात पडलं तरी जुन्या, टर्बो नसलेल्या इंजिनाला ते जाणवतं. डिझेल तेवढंच, हवा जास्त, म्हणून धूर कमी आणि सायलेन्सरमधून जाणारी आगही कमी. घाटात टेंपरेचरचा काटा जरा कमी चढतो.

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात घ्या. डिझेलला पेट्रोलसारखी हवा अडवणारी झडप नसते, या जुन्या इंजिनांना तर नाहीच. ताकद पंप किती डिझेल सोडतो त्यावर ठरते. त्यामुळं पाईप लावला आणि गाडी पळायला लागली, असं होत नाही. धूर होऊन वाया जात होतं तेवढं डिझेल कामाला लागतं, बस्स.

ह्यूस्टनकर

व्हिडिओंचा उल्लेख आला म्हणून लिहितो. माझ्याकडे फोर्डची जुनी एफ-१५० आहे, ४.९ लिटरचं सरळ सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. फोर्डनं हे इंजिन १९६५ पासून १९९६ पर्यंत बनवलं, आणि इथे त्याच्यावर लोकांचं भलतं प्रेम. या गाड्यांना घरगुती पाईप करणं हा इथला आवडता उद्योग. कपडे वाळवायच्या यंत्राचा अल्युमिनियमचा नळ, नळकामाच्या दुकानातले कोपरे, काय वाटेल ते वापरतात.

पण ते जसंच्या तसं ४०७ ला लावू नका. पेट्रोलला थ्रॉटल, म्हणजे हवा अडवणारी झडप, असतो. पूर्ण दाबलात तर थंड हवेचा फायदा मिळतो. अर्ध्या दाबावर चालवताना हवा दाट आली की तुम्ही पाय तेवढाच वर घेता, फायदा शून्य. उलट थंडीत जुन्या कार्बुरेटरच्या गाड्यांना कंपनीच मुद्दाम सायलेन्सरजवळची गरम हवा द्यायची, नाहीतर कार्बुरेटरमध्ये बर्फ धरतो. म्हणजे इकडच्या बऱ्याच व्हिडिओंमध्ये जो 'फरक' दिसतो तो नटबोल्टना जाणवला तोच, कानाला.

अवांतर: कॅलिफोर्नियात असला पाईप विकत घेतला तर त्यावर कार्बचा (तिथलं सरकारी हवा-प्रदूषण मंडळ) मंजुरी क्रमांक लागतो, नसेल तर स्मॉग तपासणीत गाडी नापास. टेक्सासवाले आम्ही तसे मोकाट.

नटबोल्ट

सगळे माझ्याच मागे का लागलेत? (हलके घ्या.)

बरं, एक सांगा, उघडा फिल्टर हवा जास्त सोडतो हे तर मान्य आहे ना?

पाचटगाडी

मान्य. धूळही जास्त सोडतो.

माझी ऊस वाहतुकीची गाडी आहे, सोलापूर जिल्ह्यात. दिवाळीपासून मार्चपर्यंत शेतातल्या वाटांवर घोटाभर फुफाटा. पुढच्या गाडीच्या मागं दहा फुटांवरचं दिसत नाही. आमच्या गावात एकानं हौसेनं असाच तेल लावायचा कापडी शंकू लावला. एक सीझन काढला. पुढच्या सीझनला ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) धूर, तेल खायला लागली, आणि हेड उघडलं तर लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीला, वरच्या बाजूला नखाला लागेल एवढी पायरी. रिंगा, लायनर, पिस्टन, सगळं नवीन.

धुळीत असते वाळू, म्हणजे काचच. ती तेलात मिसळली की पॉलिश पेपरचं काम करते. कंपनीच्या कागदी फिल्टरला नावं ठेवतात लोक, पण नीट बसवलेला कागदी फिल्टर ९९ टक्क्यांच्या वर धूळ अडवतो. जुना ऑइल बाथ, म्हणजे तळाच्या तेलात धूळ धरणारा फिल्टर, त्याच्या खाली, आणि इंजिन हळू चालत असेल तर अजून खाली, कारण हवेला वेगच नसतो, धूळ तेलावर आपटतच नाही.

माझं मत विचाराल तर आधी तो लाल शंकू भंगारात टाका. पाईप मागनं.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. उद्यमनगरी म्हणाले तसं नोझल टेस्टिंगला दिले. दोन गळके निघाले, बदलले. टॅपेट सेट केले. पंपाचं सील शाबूत आहे. धूर कमी झाला, पण भर घाटात अजून आहे.

स्वयंपाकघरातल्या फ्रीजला लावायचा वायरवाला डिजिटल थर्मामीटर आणला, दोन घेतले. एकाची वायर डाव्या आरशाला बांधली, दुसरी फिल्टरच्या तोंडाशी. परवा दुपारी भरून येताना आरशापाशी ३४, आणि फिल्टरपाशी पोफळीच्या पुढं वळणांवर ६८. उभं राहिल्यावर तर ७० च्या वर गेला आणि थर्मामीटरनं मान टाकली, त्याची हद्दच तेवढी.

आता पाईप कसा करू ते सांगा. समोरच्या जाळीतून घेऊ की नको?

उद्यमनगरी

३४ आणि ६८! म्हणजे करण्यासारखं काम आहे हे आता आकड्यानं कळलं. हे असं मोजून विचारणारं गिऱ्हाईक मिळालं तर आम्ही चहा पाजू.

जाळीतून नको. कारणं दोन. एक, समोर खाली धूळ नि चिखल सगळ्यात जास्त. जमिनीपासून जेवढं वर जाल तेवढी हवा स्वच्छ. दुसरं कारण पाणी, आणि तुम्ही तर कोयनेच्या पावसात गाडी चालवणार. एक हिशोब सांगतो, घाबरवायला नाही. तुमचा एक सिलिंडर ७३९ सीसीचा. कॉम्प्रेशन, म्हणजे हवा किती पट दाबली जाते ते, १८ ला १ धरलं तर पिस्टन वर आल्यावर जागा उरते जेमतेम ४३ सीसी. तेवढं पाणी, म्हणजे तीन मोठे चमचे, एका सिलिंडरमध्ये गेलं की पिस्टन वर येऊच शकत नाही. पाणी दबत नाही, मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड. २६ जुलै २००५ नंतर मुंबईतल्या गॅरेजांत अशा गाड्यांच्या रांगा होत्या. पुष्कळ गाड्या उभ्या पाण्यात बुडून नव्हे, तर पाण्यातून चालू इंजिननं रेटल्यामुळं गेल्या.

मोठ्या ट्रकांकडे बघा. केबिनच्या मागं उभा पाईप, वर टोपी. टाटा काय, लेलँड काय, कंपनीनंच थंड, स्वच्छ, कोरड्या हवेची सोय केलेली. तेच छोट्या मापात करा. केबिन आणि हौदा यांच्या मधल्या फटीत पाईप उभा करा, तोंड केबिनच्या छताच्या जरा खाली, मागच्या बाजूला वळवलेलं, वर टोपी. सायलेन्सरचं तोंड ज्या बाजूला असेल त्याच्या उलट बाजूला.

फिल्टरसाठी कोरड्या प्रकारचा डबा बघा, आत मोठा कागदी आणि त्याच्या पोटात छोटा सेफ्टी फिल्टर असलेला. ट्रॅक्टरचा घेणार असाल तर नुसते एचपी बघून घेऊ नका. ट्रॅक्टर २१०० च्या आसपास फिरतो, तुमचं इंजिन २८०० ला. तुमचा हिशोब असा: २.९५६ लिटर, दोन फेऱ्यांत एकदा ओढणार, म्हणून निम्मं, गुणिले २८००. मिनिटाला ४१३८ लिटर. प्रत्यक्षात ८५ टक्के भरतं असं धरा, म्हणजे साडेतीन हजार लिटर. मिनिटाला चार घनमीटर किंवा वरचा डबा घ्या. डबा मोठा झाला तर काही बिघडत नाही, फिल्टर जास्त दिवस टिकेल.

स्वल्पविराम

साडेतीन हजार लिटर दर मिनिटाला! आमच्या गच्चीवरच्या टाक्या तीन मिनिटांत रिकाम्या होतील. वाचतेय, चालू द्या.

कृष्णाकाठ

डबा मिळाला. कुर्ल्याच्या भंगार बाजारात पाहुण्याला पाठवलं होतं, त्यानं एका मोठ्या गाडीचा प्लास्टिकचा डबा आणला, खालचा, धूळ बाहेर टाकणारा रबरी चोच असलेला व्हॉल्व शाबूत आहे. आतले दोन्ही फिल्टर नवीन घेणार.

पाईप ७५ चाच ठेवू ना? घरी ५० चा पडलाय, सहज विचारतोय.

उद्यमनगरी

५० चा संडासच्या टाकीला वापरा. ७५ च्या एसडब्ल्यूआर (सांडपाण्याच्या पीव्हीसी) पाईपाचं आतलं माप साधारण ७० भरतं. साडेतीन हजार लिटर त्यातून जाताना हवेचा वेग सेकंदाला १५ मीटर. आतलं माप ५० असेल तर ३० मीटर. वेग दुप्पट झाला की अडथळा चौपट होतो. कोपरेही असेच खातात, म्हणून ९० डिग्रीचा एल्बो टाळा, जागा असेल तिथं ४५ चे दोन घ्या.

आता पीव्हीसीचं. हा पाईप ७५-८० डिग्रीला मऊ पडतो, आणि वजन असेल तर त्याच्या आधीच वाकतो. म्हणून बोनेटखाली पीव्हीसी नाही म्हणजे नाही. पण फिल्टरच्या आधीचा पाईप, जो केबिनमागं बाहेरच्या हवेत आहे, तिथं खुशाल वापरा. त्या बाजूला बारीक गळती असली तरी मरण नाही, कारण पुढं फिल्टर आहेच.

खरं जपायचं ते फिल्टरनंतरचं. डब्यापासून मॅनिफोल्डपर्यंत एक केसभर फट राहिली तर तिथून न गाळलेली हवा थेट इंजिनात. तिथं एम-सील, चिकटपट्टी, सायकलची ट्यूब, काही चालणार नाही. तारेचा जाड होस किंवा सिलिकॉनचा होस, दोन्ही टोकांना चांगल्या रुंद क्लिपा. साधा पातळ रबरी होस घेऊ नका, गरम झाला की ओढीनं आत पिचकतो आणि गाडी घाटात दम टाकते. मध्ये लोखंडी तुकडा लागला तर वेल्डिंगनंतर आतून घासून, धुऊन, कपडा फिरवून बसवा. वेल्डिंगची बारीक गोळी सुटून आत गेली तर व्हॉल्वच्या सीटवर बसते. आणि इंजिन रबरावर हलतं, डबा चेसिसला घट्ट असतो, म्हणून मध्ये एक बेलो, म्हणजे घड्यांचा लवचिक रबरी तुकडा, असलाच पाहिजे. तो नसेल तर महिन्याभरात डब्याचं नाक तुटतं.

पाचटगाडी

यात माझी भर. टोपीच्या आत जाळी लावा, पण जाड भोकाची. बारीक जाळी लावली की पाचट, भुसा, कापूस अडकून तोंडच बंद होतं. आणि ताडपत्री! हौद्यावर ताडपत्री बांधताना तिचं टोक पाईपाच्या तोंडापाशी सुटं राहिलं तर इंजिन ते ओढून स्वतःचंच नाक दाबतं. आमच्याकडे एक ड्रायव्हर अर्धा दिवस डिझेल फिल्टर बदलत बसला होता, कारण होतं ताडपत्रीचा कोपरा.

पासिंगवाला

आरटीओच्या बाजूनं थोडं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर लिहिलेल्या आणि कंपनीनं ठरवलेल्या तपशिलात बदल होईल असा फेरफार करता येत नाही. इंजिन बदललं, चेसिस लांब केली, बसण्याची जागा वाढवली, हे त्यात येतं. एअर फिल्टरचा डबा नि पाईप बदलल्यानं आरसीवरचं काही बदलत नाही, त्यामुळं सहसा कुणी बोलत नाही. पण टोक बाहेर लोंबतंय, केबिनच्या रुंदीबाहेर आलंय, तारेनं बांधलंय असं दिसलं तर इन्स्पेक्टर बोट ठेवणारच. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग आहे, म्हणजे दरवर्षी हे दाखवायचंय. नीट ब्रॅकेट करा, रंग मारा.

पीयूसीचं: बीएस-चार या प्रदूषण मानकाच्या आधीच्या डिझेल गाड्यांना धुराची हद्द ६५ हार्टरिज (धुराच्या दाटपणाचं माप), म्हणजे चिठ्ठीवर के व्हॅल्यू २.४५. पाईप बसवायच्या आधीची चिठ्ठी जपून ठेवा, नंतरचीशी ताडून बघता येईल. अर्थात ती चाचणी गाडी उभी ठेवून, रेस मारून होते, त्यामुळं घाटातला सगळा फरक तिच्यात दिसणार नाही.

नटबोल्ट

एक शंका, खरंच शंका आहे. एवढा लांब पाईप, मोठा डबा, कागदी फिल्टर. हा शंकूपेक्षा जास्त ओढायला लावणार ना इंजिनाला? मग थंड हवेचा फायदा त्यातच गेला तर?

उद्यमनगरी

शाब्बास. आता मुद्द्यावर आलात. याचं उत्तर तोंडानं द्यायचं नाही, मोजायचं.

गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी घ्या. यू आकारात एका फळीला ठोका, दोन्ही पाय मीटरभर तरी लांब ठेवा, आखूड ठेवलेत तर इंजिन पाणी ओढून घेईल. निम्म्यापर्यंत रंगीत पाणी भरा. एक टोक उघडं, दुसरं फिल्टरनंतरच्या पाईपाला छोट्या निपलनं जोडा. इंजिन सुरू करून रेस पूर्ण द्या. दोन पायांतल्या पाण्यात जेवढ्या मिलिमीटरचा फरक, तेवढी ओढ.

यातली गंमत अशी की टर्बो नसलेल्या डिझेलला हे गाडी उभी ठेवून करता येतं. झडप नसल्यामुळं रिकामी रेस असो की भरून घाट, त्याच आरपीएमला हवा जवळजवळ तेवढीच जाते. टर्बोवाल्याला हे जमत नाही, तिथं लोड लागतो.

नवीन फिल्टरसकट २५० मिलिमीटरच्या आत आलं तर काम छान झालं. ५०० कडे जायला लागलं की फिल्टर बदलायची वेळ. मोजून झाल्यावर निपलला टोपी घालायला विसरू नका, नाहीतर तिथूनच धूळ.

कृष्णाकाठ

बसवला!

केबिनमागं ड्रायव्हरच्या बाजूला ७५ चा पाईप उभा, सायलेन्सरचं तोंड दुसऱ्या बाजूला आहे. वर एका ट्रॅक्टरची जुनी टोपी, आत जाड जाळी. डबा चेसिसच्या पट्टीवर दोन ब्रॅकेटवर, रबर वॉशर घालून. डब्यापासून पुढं अल्युमिनियमचा एक सरळ तुकडा, दोन्हीकडे सिलिकॉनचा होस, इंजिनाकडे बेलो. लेथवाल्यानं अल्युमिनियमच्या टोकांना कडा काढून दिल्या, त्यामुळं होस सरकत नाही. रबरी चोच बरोबर खाली.

आता आकडे. नळीवर शंकूची ओढ आली होती ९० मिलिमीटर. नव्या सेटची १८०. म्हणजे नटबोल्ट म्हणतात ते बरोबर, शंकू हवा जास्त सोडत होता.

तापमान: तोच घाट, तसाच भरलेला माल. आरशापाशी ३३, डब्यात ३८. उभं राहिल्यावर ४१ पर्यंत जातं, चाललो की परत खाली.

धूर घाटात अजून दिसतो, पण करडा. आधी आरशात मागचा रस्ता दिसत नव्हता. पिकअपमध्ये थोडा फरक आहे, मी फुगवून सांगणार नाही. टेंपरेचरचा काटा मात्र नक्कीच कमी चढतो.

उद्यमनगरी

वा! नटबोल्ट, आता तुमच्या शंकेचा हिशोब. ओढ वाढली ९० मिलिमीटर पाण्यानं. वातावरणाचा दाब सुमारे १०,३०० मिलिमीटर पाणी. म्हणजे तोटा ०.९ टक्का. तापमान ६८ वरून ३८: ३४१ भागिले ३११, म्हणजे साडेनऊ टक्के फायदा. त्यातले निम्मे वाटेत गेले तरी चार-पाच टक्के जमेला. वर धूळ अडली ती वेगळीच.

नटबोल्ट

मान्य. शंकू काढतोय. कुणाला हवाय का, अर्ध्या किमतीत?

पाचटगाडी

फुकट दिला तरी नको.

कृष्णाकाठ, एक युक्ती. फिल्टरनंतरच्या पाईपात आतून बोटभर ग्रीसचा पातळ हात मारून ठेवा. आठवड्यानं उघडून बघा. ग्रीस स्वच्छ असेल तर जोड पक्के. किरकिर लागली तर कुठंतरी फट आहे. आणि हवा कुठून घुसते ते शोधायला काही लोक चालू डिझेल इंजिनवर स्टार्टिंग स्प्रे मारतात, ते अजिबात करू नका. इंजिन तो स्प्रे इंधन म्हणून ओढतं आणि पंप बंद केला तरी थांबत नाही.

स्वल्पविराम

फिल्टर कितीदा साफ करायचा? आमच्याकडे एसीचा फिल्टर नळाखाली धरतात म्हणून विचारतेय.

उद्यमनगरी

कागदी असेल तर नळाखाली नाही. आणि गाडीवाले जमिनीवर आपटतात तेही नाही, त्यानं कागदाच्या घड्या फाटतात आणि कडेचं रबर वाकतं. हवा मारायचीच तर आतून बाहेर, लांबून, दोन बारच्या खाली. मग अंधारात आत बल्ब धरून बघायचं, कुठं उजेडाचा ठिपका दिसला की तो फिल्टर संपला. आतल्या छोट्या सेफ्टी फिल्टरला हात लावायचा नाही, तो थेट बदलायचा. खरं तर उगाच उघडूच नये. नळी लावून ओढ मोजा, वाढली असेल तरच उघडा. फिल्टर जेवढ्या वेळा उघडाल तेवढ्या वेळा धूळ आत पडायची संधी.

पासिंगवाला

पीयूसी केली का?

कृष्णाकाठ

केली. आधीच्या चिठ्ठीवर २.१ होता, आता १.६. पण त्यात नोझलचा वाटा मोठा असणार, सगळं श्रेय पाईपाला नको.

ग्रीसचा हात मारला होता, कालच उघडून बघितलं. बेलोच्या क्लिपेजवळ थोडी किरकिर लागली, क्लिप बदलली. बाकी पाईप स्वच्छ.

आता शेवटचं विचारतो. भाऊ म्हणतोय एवढं केलंस तर पंपवाल्याकडून डिझेल जरा वाढवून घे, हवा आहे आता.

उद्यमनगरी

भावाला सांगा, जी हवा वाढलीय ती धूर खाण्यात गेली, उरलेली नाही. धूर पूर्ण जाईपर्यंत पंपाचं सील तोडायचं नाही.

ह्यूस्टनकर

आणि त्याचा पुढचा प्रश्न असेल, टर्बो लावू का?

कृष्णाकाठ

आधीच विचारून झालाय त्यानं.

उद्यमनगरी

नको. टर्बोवाल्या इंजिनाचे पिस्टन, त्यांना थंड करणारी तेलाची सोय, हेड गॅस्केट, सगळं त्या हिशोबानं केलेलं असतं. नुसता टर्बो वर ठेवला की आधी गॅस्केट जातं, मग पिस्टन. त्यापेक्षा पावसाळ्याआधी रेडिएटर आतून-बाहेरून साफ करा, आणि टोपीखालच्या जोडाला पाणी शिरत नाही ना ते एक बादली ओतून बघा. ओतताना इंजिन बंद ठेवा.